दुतोंड्या मारुतीच्या पायांशी शून्य: ऋण संख्या संख्यारेषेवर कशा शिकवाव्यात

सहावीच्या वर्गात पूर्णांक संख्यांचा पाठ येतो तेव्हा मुलांच्या डोक्यात एक जुने वाक्य पक्के बसलेले असते: ‘तीनातून पाच जात नाहीत.’ हातच्याची वजाबाकी शिकवताना हे वाक्य आपणच त्यांच्याकडून वर्षानुवर्षे म्हणवून घेतलेले असते आणि पूर्ण संख्यांपुरते ते खरेही असते. मग एके दिवशी फळ्यावर ३ − ५ = −२ असे लिहिले जाते आणि जे जात नव्हते ते जाऊ लागते. बहुतेक मुले या ठिकाणी प्रश्न विचारत नाहीत. ती चिन्हांचे नियम पाठ करतात, चाचणीपुरते टिकवतात आणि सातवीत गुणाकाराचे नियम आले की दोहोंची सरमिसळ करून बसतात. हे टाळायचे असेल तर नियमांच्या आधी जागा शिकवावी लागते. ऋण संख्या ही आधी संख्यारेषेवरची एक जागा असते, मग ती एक चाल होते आणि चिन्हांचा नियम सर्वांत शेवटी येतो. हा क्रम उलटला की घोटाळा होतो. पुढील मांडणी घरी शिकवणाऱ्या पालकांना आणि वर्गातील शिक्षकांना सारखीच वापरता येईल.

शून्य कोठे आहे हे आधी ठरवावे

मुलांच्या लेखी शून्य म्हणजे ‘काहीच नाही’. काहीच नसण्यापेक्षा कमी काय असणार, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि शून्याचा अर्थ तेवढाच राहिला तर त्याला उत्तरही नाही. म्हणून पहिले काम ऋण संख्या आणण्याचे नसून शून्याला आणखी एक अर्थ देण्याचे आहे: मोजणी जिथून सुरू करायची ती आपण ठरवलेली खूण म्हणजे शून्य.

नाशिकच्या मुलांना हा अर्थ समजावण्यासाठी लांब जावे लागत नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की बातम्यांत आकडा क्युसेकचा येतो, पण गावात विचारणा होते ती दुतोंड्या मारुतीची: पाणी पायांना लागले का, गुडघ्यांपर्यंत आले का, कमरेच्या वर गेले का. रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या या मूर्तीवरूनच नाशिककर पुराचा अंदाज घेत आले आहेत. वहीत मूर्तीची साधी उभी आकृती काढावी, तिच्या तळपायांशी आडवी रेघ मारून तेथे ० लिहावे आणि वरच्या बाजूला समान अंतरावर १, २, ३ अशा फुटांच्या खुणा कराव्यात. हे आकडे पाठापुरते कल्पिलेले आहेत, मूर्तीवर तशा खुणा नाहीत, हे मुलांना सांगून टाकावे.

आता विचारावे, ‘पाणी पायांच्या खाली दोन फुटांवर आहे, ते कुठे दाखवू?’ मूल शून्याच्या खाली बरोबर बोट ठेवते आणि ‘दोन’ म्हणते. त्याच वेळी वरच्या दोनावर आपले बोट ठेवून विचारावे की मग ही दोन्ही सारखीच का. एका ठिकाणी मारुतीचे पाय पाण्यात आहेत आणि दुसऱ्या ठिकाणी कोरडे. दोन्हींना ‘दोन’ म्हणून भागणार नाही. ही अडचण मुलाच्या तोंडून यावी, आपल्या नव्हे. कोणी ‘खालचा दोन’ म्हणेल, कोणी ‘दोन कमी’ म्हणेल, आणि ही घरगुती नावे काही वेळ चालू द्यायला हरकत नाही. चिन्ह त्यानंतर द्यावे: खालच्या दोनाला −२ लिहायचे, वरच्या दोनाला हवे तर +२ लिहायचे आणि एरवी नुसते २. शून्याला मात्र दोन्हींपैकी कोणतेही चिन्ह नाही. ते धन नाही आणि ऋणही नाही.

पाठ्यपुस्तकात संख्यारेषा आडवी असते. तरीही सुरुवात उभ्या रेषेने करावी असे माझे ठाम मत आहे. उभ्या रेषेवर ‘वर म्हणजे जास्त, खाली म्हणजे कमी’ हे वेगळे शिकवावे लागत नाही. आडव्या रेषेवर ‘उजवीकडे मोठी, डावीकडे लहान’ हा केवळ संकेत आहे आणि तो मुलांना शिकवावाच लागतो. शिवाय शाळेत तोवर काढलेल्या संख्यारेषा शून्यापासून उजवीकडेच जात असल्याने, शून्याच्या डावीकडे कागदच संपतो अशी मुलांची समजूत झालेली असते.

पुठ्ठ्याची पट्टी

चित्रावरून पट्टीकडे वळावे. सुमारे ४५ सेंटीमीटर लांब आणि चार बोटे रुंद असा पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो. बरोबर मध्यभागी शून्याची खूण करावी आणि तिच्या दोन्ही बाजूंना दर २ सेंटीमीटरवर दहा-दहा खुणा कराव्यात. म्हणजे −१० पासून १० पर्यंत एकूण २१ खुणा होतात, पण त्यांच्यामधील अंतरे २० असतात. ही तफावत मुलाला स्वतः मोजून पाहू द्यावी, कारण पुढे बेरजेत होणारी नेहमीची चूक इथेच दडलेली असते. दोन्ही टोकांना बाण काढावेत; रेषा दहावर संपत नाही, आपला पुठ्ठा संपतो.

आकडे मुलानेच लिहावेत. खालच्या बाजूचे आकडे लिहिताना काही मुले टोकापासून सुरुवात करून सर्वांत खाली −१ आणि शून्याला लागून −१० लिहितात. असे झाले तर खोडून दुरुस्त करून देऊ नये. ‘पायांच्या खाली एक फूट’ ही जागा कुठे, एवढेच विचारावे. पट्टी भिंतीला उभी टेकवून पाण्याचे प्रश्न पुन्हा एकदा घ्यावेत आणि मग ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून टेबलावर आडवी ठेवावी. वरची बाजू उजवीकडे जाते, खालची डावीकडे, आणि ‘उजवीकडे मोठी’ हा संकेत मुलाच्या डोळ्यांसमोर तयार होतो. पाठ्यपुस्तकातील आकृती आता उघडायला हरकत नाही.

वाचनाची एक शिस्त पहिल्या दिवसापासून पाळावी. −३ ही संख्या असेल तेव्हा ‘ऋण तीन’ किंवा ‘उणे तीन’ म्हणावे आणि ‘वजा’ हा शब्द क्रियेसाठी राखून ठेवावा. लिहितानाही ऋण संख्या दुसऱ्या स्थानी आली की तिला कंस द्यावा: ५ + (−३). चिन्ह तेच, पण एकीकडे ते संख्येचा भाग आहे आणि दुसरीकडे काय करायचे ते सांगते. हा फरक कानावर पडत राहिला तर वेगळा समजावावा लागत नाही.

लहान कोण, मोठी कोण

−७ आणि −२ यांपैकी मोठी कोणती, असे विचारले की हमखास ‘−७’ असे उत्तर येते, कारण सात दोनापेक्षा मोठे हे ज्ञान मुलाकडे आधीपासून असते. इथे ‘ऋण संख्यांत उलटे असते’ असे सांगून मोकळे होण्याचा मोह आवरावा. पट्टीवर बोट ठेवायला सांगावे: जी उजवीकडे ती मोठी, याला कोणताही अपवाद नाही. थंडीचे उदाहरण इथे चपखल बसते. निफाडचा पारा ५ अंशांवर आला की द्राक्षबागायतदार धास्तावतात, तर लडाखमधील द्रासला तो −२० च्याही खाली जातो. −२० आणि −५ यांपैकी जास्त थंडी कधी आणि तापमान जास्त कधी, हे दोन्ही प्रश्न विचारावेत. थंडी जास्त म्हणजे तापमान कमी, एवढे मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितले की क्रमाचा प्रश्न बहुतांशी मिटतो. त्यानंतर ४, −६, ०, −१, २ अशा पाच-सहा संख्यांच्या चिठ्ठ्या देऊन त्या चढत्या क्रमाने लावायला सांगाव्यात: −६, −१, ०, २, ४.

एक छोटा प्रयोग जोडीला करता येतो. साध्या कागदावर तशीच रेषा काढून कागद शून्यावर दुमडला आणि उजेडाकडे धरला की ३ च्या खुणेवर −३ ची खूण येऊन बसते, ५ वर −५ येते. शून्यापासून सारख्या अंतरावर पण विरुद्ध बाजूंना असलेल्या या जोड्या म्हणजे विरुद्ध संख्या. शून्य स्वतःवरच पडते, म्हणून शून्याची विरुद्ध संख्या शून्यच. २ पेक्षा ५ मोठी असूनही −५ ही −२ पेक्षा लहान का, याचे कारण दुमडलेला कागद उघडताना दिसते: शून्यापासून जी उजवीकडे लांब गेली, तिची जोडीदार डावीकडे तेवढीच लांब गेली.

बेरीज: पहिली संख्या जागा, दुसरी संख्या चाल

आतापर्यंत −५ ही एक जागा होती. आता ती चालही होते. पहिली संख्या सांगते कुठे उभे राहायचे आणि दुसरी सांगते किती चालायचे व कोणत्या बाजूला: धन असेल तर उजवीकडे, ऋण असेल तर डावीकडे. ३ + (−५) साठी ३ वर बोट ठेवायचे आणि डावीकडे पाच घरे सरकायचे. २, १, ०, −१, −२. उत्तर −२.

इथे मुलाचे चुकीचे उत्तर नीट ऐकावे, कारण ते चूक कुठे झाली हे सांगते. उत्तर −१ आले असेल तर मुलाने ज्या खुणेवर उभे आहे तिलाच ‘एक’ धरले आहे. ते खुणा मोजत आहे, घरे नाही. त्याला पट्टीवरील २१ खुणा आणि २० अंतरांची आठवण करून द्यावी आणि प्रत्येक उडीला कागदावर एक कमान काढायला लावावी. मोजायच्या त्या कमानी. उत्तर −३ आले असेल तर चूक वेगळी आहे: मुलाने एकवरून थेट ऋण एकवर उडी मारली आहे, म्हणजे शून्याला ते अजूनही जागा मानत नाही. अशा मुलाला बेरजेची आणखी उदाहरणे देऊन उपयोग नाही. त्याला मारुतीच्या चित्राकडे परत न्यावे आणि पाणी नेमके पायांच्या रेघेवर असेल तर काय लिहायचे ते विचारावे. दोन्ही उत्तरांवर नुसती लाल फुली मारली तर या दोन मुलांमधला फरक आपल्याला कळतच नाही.

शून्य वगळण्याच्या चुकीचा विषय निघालाच आहे म्हणून एक सावधगिरी. ऋण संख्या शिकवताना इसवी सनाची कालरेषा वापरण्याची पद्धत आहे, आणि पांडवलेणीसारखी इसवी सनाच्या अलीकडे-पलीकडे पसरलेली लेणी गावातच असताना तो मोह आपल्याला अधिकच होतो. पण इसवी सनाच्या गणनेत शून्य वर्ष नाही, इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते. त्यामुळे इ.स.पू. ५ पासून इ.स. ५ पर्यंत ९ वर्षे होतात, तर संख्यारेषेवर −५ पासून ५ पर्यंतचे अंतर १० असते. पूर्णांक नीट बसल्यानंतर हा फरक शोधून काढणे हे उत्तम कोडे ठरेल. सुरुवातीला मात्र ते उदाहरण टाळावे.

उदाहरणांचा क्रम असा ठेवावा की शून्य ओलांडण्याची वेळ हळूहळू येईल. आधी ६ + (−२), मग ४ + (−४), मग ३ + (−५), त्यानंतर −४ + ६ आणि शेवटी −२ + (−३). शेवटच्या उदाहरणात मुले अडखळत नाहीत. ऋण दोनवर उभे राहून डावीकडे तीन घरे, उत्तर −५, हे त्यांना सरळ वाटते. ४ + (−४) = ० इथे थोडे थांबून, कोणत्याही संख्येत तिची विरुद्ध संख्या मिळवली की शून्यच का येते हे विचारावे; वजाबाकीला त्याचा उपयोग होणार आहे.

वजाबाकी: कुठून कुठे?

सर्वांत जास्त गोंधळ वजाबाकीत होतो आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा आपणच घाईने सांगितलेल्या ‘वजा वजा अधिक’ या घोषवाक्यात असते. मुले ते आनंदाने पाठ करतात आणि मग −२ − ३ चे उत्तर +५ काढतात. दोन वजा दिसले, झाले अधिक. घोषवाक्य दोन चिन्हे शेजारी आल्याविषयी होते, दोन चिन्हे उदाहरणात कुठेतरी असण्याविषयी नव्हते, ही मर्यादा कोणाच्याच लक्षात राहत नाही.

त्यापेक्षा पुन्हा पाण्याकडे जावे. ‘काल पाणी −२ वर होते, आज ३ वर आहे. किती चढले?’ काही मुले सवयीने तीनातून दोन काढून १ म्हणतात. पट्टीवर −२ पासून ३ पर्यंत कमानी काढल्या की पाच होतात: शून्यापर्यंत दोन आणि शून्यापासून तीन. ‘किती चढले’ हे काढायला आपण आजच्यातून कालचे वजा करतो, म्हणजेच ३ − (−२) = ५. याच कथेला उलटे फिरवावे: काल ३ वर होते, आज −२ वर आले, तर (−२) − ३ = −५, म्हणजे पाच फूट उतरले. नियम एकच राहतो: दुसऱ्या संख्येपासून पहिल्या संख्येपर्यंत जायचे, उजवीकडे जावे लागले तर उत्तर धन, डावीकडे जावे लागले तर ऋण. ‘दुसरीकडून पहिलीकडे’ ही दिशा मुले सुरुवातीला उलटी पकडतात, म्हणून ‘कालपासून आजपर्यंत’ असे म्हणण्याची सवय लावावी.

अशी काही उदाहरणे झाली की एक मालिका एकाखाली एक लिहून द्यावी आणि पुढची ओळ मुलाला भरू द्यावी: ३ − २ = १, ३ − १ = २, ३ − ० = ३, ३ − (−१) = ?, ३ − (−२) = ? वजा करायची संख्या एकाने कमी होते तेव्हा उत्तर एकाने वाढते, हे तीन ओळींत दिसलेले असते. चौथ्या ओळीत ४ आणि पाचव्या ओळीत ५ लिहिताना मुलाला कोणी नियम सांगावा लागत नाही. त्यानंतरच ३ − (−२) आणि ३ + २ शेजारी लिहून, एखादी संख्या वजा करणे म्हणजे तिची विरुद्ध संख्या मिळवणे, हे वाक्य लिहून द्यावे. तोवर ते मुलाने जवळजवळ स्वतःच शोधलेले असते.

उधारीचे उदाहरण कधी आणावे

ऋण म्हणजे कर्ज, हे उदाहरण आपल्याकडे इतके रुळले आहे की अनेक जण पाठाची सुरुवात त्यानेच करतात. त्याला परंपरा मोठी आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये लिहिलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले आहेत. बाराव्या शतकात भास्कराचार्यांच्या बीजगणितात ऋण संख्या दाखवण्यासाठी अंकाच्या डोक्यावर टिंब देण्याची पद्धत आढळते. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणादेवी येथे आहे, हे उत्तर महाराष्ट्रातील मुलांना आवर्जून सांगण्यासारखे आहे. शून्यापासून पुढे-मागे चालण्याची कल्पना मात्र बरीच उशिरा छापील पुस्तकात आली: इंग्लंडमधील जॉन वॉलिस यांनी १६८५ मधील आपल्या बीजगणिताच्या ग्रंथात पाच यार्ड पुढे आणि आठ यार्ड मागे चालणाऱ्या माणसाची जागा −३ अशी दाखवली. नियम आणि चित्र यांच्यामध्ये हजार वर्षांहून अधिक काळ गेला.

तरीही वर्गात चित्र आधी आणि कर्ज नंतर, असेच मी सुचवेन. अकरा वर्षांच्या मुलाने उधारी केलेली नसते. त्याच्या खिशात रुपये असतात किंवा नसतात, −५० रुपये कधीच नसतात. कर्जावर जागा दाखवता येत नाही आणि क्रमही गोंधळात टाकतो, कारण मोठे कर्ज हे मोठेच वाटते. मात्र संख्यारेषा हाताखालची झाली की किराणा दुकानातील खात्याचे उदाहरण फार कामाला येते. खात्यावर ५० आणि पुन्हा ३० रुपयांची उधारी झाली तर −५० + (−३०) = −८०; दुकानदाराने चुकून मांडलेली ३० ची उधारी खोडली तर −८० − (−३०) = −५०. उधारी खोडली की आपली स्थिती सुधारते, हे मुलांना लगेच पटते.

शून्य हलवून पाहावे

पाठाच्या शेवटाकडे एक गोष्ट अवश्य करावी, जी वर्गात सहसा वेळेअभावी राहून जाते. मारुतीचे तेच चित्र घ्यावे, पण आता शून्य पायांऐवजी कमरेशी धरावे. समजा पायांपासून कंबर ५ फुटांवर आहे. पूर्वी ३ वर असलेले पाणी आता −२ वर येते आणि पूर्वीचे −२ आता −७ होते. पाणी हललेले नाही, मूर्ती हललेली नाही, सगळे आकडे मात्र बदलले. मग काय बदलले नाही, हे मुलांना शोधू द्यावे: दोन पातळ्यांमधील अंतर. ३ − (−२) = ५ आणि (−२) − (−७) = ५. शून्य ही आपण निवडलेली खूण आहे, हे यापेक्षा स्पष्टपणे दाखवणे कठीण आहे. तापमानाच्या बाबतीतही असेच घडलेले आहे. सेल्सियस यांनी १७४२ मध्ये मांडलेल्या मूळ मापात पाणी उकळते तो बिंदू ० आणि गोठते तो १०० होता, आणि हा क्रम नंतर उलटवला गेला.

गुणाकार या टप्प्यावर काढूच नये. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन का, हा प्रश्न चालण्या-मोजण्याच्या चित्रातून सहज सुटत नाही. त्याची जागा सातवीत आहे.

पट्टी कधी काढून घ्यावी, याची खूण साधी आहे. मुलाला −३७ + ५२ असे, पुठ्ठ्यावर न मावणारे उदाहरण द्यावे आणि कोऱ्या कागदावर एक रेघ ओढून तिच्यावर फक्त शून्य मांडायला सांगावे. ज्याला संख्यारेषा कळली आहे ते मूल शून्याच्या डावीकडे अंदाजाने −३७ लिहिते, तिथून शून्यापर्यंत ३७ ची एक मोठी कमान काढते, ५२ मधले उरलेले १५ शून्याच्या उजवीकडे नेते आणि १५ हे उत्तर लिहिते. जे मूल एकेक खूण काढायला बसते, त्याच्याकडे पट्टी आणखी काही दिवस राहू द्यावी आणि −१२ + १५ सारखी, शून्य ओलांडून थोडेच पुढे जाणारी उदाहरणे द्यावीत.